घरातला छोटा सोबती रोबो: ओढ कशाची आणि मर्यादा कुठे

प्रश्न थोडक्यात असा: टेबलावर बसणारे, डोळे मिचकावणारे, हाक मारली की वळून बघणारे छोटे सोबती रोबो लोकांना एवढे का आवडतात, घरात ते कितपत टिकतात, आणि घ्यायचा झाला तर काय बघून घ्यावा?

आधी उत्तर, मग कारणं. सोबत म्हणून घ्या, मदतनीस म्हणून घेऊ नका. आणि घेताना एक कसोटी सगळ्यांत वर ठेवा: इंटरनेट तोडल्यावर त्या यंत्रात काय उरतं? या रोबोंचा लळा लागतो तो त्यांच्या हालचालींमुळे, नजरेमुळे, स्पर्शाला मिळणाऱ्या प्रतिसादामुळे, आणि हा भाग बहुतेक वेळा यंत्राच्या आतच असतो. गप्पा, आठवण, हुशारी हा भाग मात्र बहुधा कंपनीच्या सर्व्हरवर असतो. पहिला भाग नीट वापरला तर बरीच वर्षं चालतो. दुसरा कंपनीच्या एका ईमेलने संपतो.

हा लळा कसा तयार होतो ते आधी पाहू, कारण ते कळलं की निवड सोपी होते. चांगल्या रोबोमध्ये आवाजाकडे वळताना आधी डोळे वळतात, मग मान, मग धड. प्राण्यांमध्येही हाच क्रम असतो. घाईघाईत बनवलेल्या रोबोत तिन्ही एकदम वळतात, आणि पाहणाऱ्याला कारण सांगता आलं नाही तरी ते निर्जीव वाटतं. काहीच घडत नसताना नजर जराशी इकडेतिकडे सरकायला हवी, पापणी मिटायला हवी, पण घड्याळासारखी ठरावीक अंतराने नाही. अँकी कंपनीने कोझ्मो (२०१६) आणि व्हेक्टर (२०१८) बनवताना या कामासाठी अ‍ॅनिमेशनपटांत काम केलेले कलाकार घेतले होते, आणि ते जाणवतं. छोट्या पडद्यावरचे दोन डोळे, वरखाली होणारं डोकं आणि एक उचलणारा हात एवढ्याच सामग्रीत कुतूहल, हिरमोड, चिडचिड असे भाव नेमके उमटतात.

हाकेकडे वळणं हे ऐकायला जादूसारखं वाटतं, पण त्यामागचं गणित साधं आहे. दोन मायक्रोफोन ५ सेंटिमीटर अंतरावर असतील, तर बाजूने आलेला आवाज एकापर्यंत साधारण ०.१५ मिलिसेकंद आधी पोचतो. चार मायक्रोफोनांतले असे फरक जुळवले की दिशा मिळते. हे काम इंटरनेटशिवाय होतं. चेहऱ्याचंही तसंच. समोर चेहरा आहे का हे शोधणं हलकं काम आहे, छोटा प्रोसेसर ते सेकंदाला कित्येक वेळा करतो आणि त्यामुळे नजर तुमच्यावर खिळून राहते. तो चेहरा कोणाचा हे ओळखणं बरंच अवघड. खिडकीकडे पाठ करून बसलेल्या माणसाचा चेहरा कॅमेऱ्याला काळा दिसतो आणि रोबो घरच्याच माणसाला परका समजतो. त्यामुळे रोबोची जागा ठरवताना खिडकी त्याच्या मागे येईल असं बघा, म्हणजे उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडेल.

स्पर्शाचा भाग लोक खरेदीच्या वेळी सगळ्यांत कमी तपासतात, आणि माझ्या मते तोच सगळ्यांत टिकाऊ आहे. जपानमधले संशोधक ताकानोरी शिबाता यांनी १९९३ पासून विकसित केलेला पॅरो हा सीलच्या पिलासारखा रोबो साधारण २.७ किलो वजनाचा आहे, म्हणजे मांडीवर घेतला की वजन जाणवतं. सील निवडण्यामागे पक्का विचार होता. मांजर किंवा कुत्रा सगळ्यांच्या परिचयाचा, त्यामुळे नक्कल लगेच पकडली जाते. सीलच्या पिलाबरोबर कोणी राहिलेलं नसतं, म्हणून त्याच्याकडून ठरावीक अपेक्षाही नसतात. ग्रूव्ह एक्स कंपनीचा लोव्होट २०१९ पासून लोकांच्या घरी जाऊ लागला. त्याचं अंग कोमट असतं, उचलून घेण्यासाठी तो हात वर करतो, आणि उचलल्यावर चाकं आत ओढून घेतो. हे दोघेही शब्द बोलत नाहीत. ही उणीव नाही, ही त्यांच्या रचनेतली सगळ्यांत शहाणपणाची निवड आहे.

कारण बोलणं सुरू झालं की अपेक्षा माणसाच्या पातळीवर जातात. दोन माणसांच्या गप्पांत एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत सरासरी ०.२ सेकंदाच्या आसपास वेळ जातो. रोबोला आधी तुमचं बोलणं संपलं याची खात्री करायला अर्धा ते एक सेकंद शांतता लागते. मग आवाजाचं लिखाण, ते सर्व्हरवर जाणं, उत्तर तयार होणं, त्याचा आवाज बनणं असं करत दोन-तीन सेकंद सहज जातात. मधेच विचार करायला थांबलात तर तो अर्ध्या वाक्यावरच उत्तर देतो. थांबण्याची मर्यादा वाढवली तर प्रत्येक उत्तराला उशीर होतो. हा तिढा उत्तरं तयार करणारी भाषेची प्रारूपं (लँग्वेज मॉडेल) कितीही हुशार झाली तरी पूर्ण सुटत नाही. शिवाय आवाज ओळखण्याची गुणवत्ता भाषेनुसार खूप बदलते. घरात जी भाषा बोलली जाते ती रोबोला खरोखर कळते का, हे जाहिरातीतल्या भाषांच्या यादीवरून ठरवू नका. घरातल्या सगळ्यांत वयस्कर आणि सगळ्यांत लहान माणसाला त्याच्याशी बोलायला लावून ठरवा. लहान मुलांचे उंच, तुटक आवाज आणि म्हाताऱ्या माणसांचं हळू बोलणं इथेच बहुतेक रोबो अडखळतात. पंखा, दूरदर्शन संच आणि रोबोच्या स्वतःच्या मोटरींचा आवाज याने परिस्थिती आणखी बिघडते. एक-दोन मीटर अंतरावरून आणि तो हलत नसताना बोललं, तर फरक लगेच दिसतो.

आता नवेपणाबद्दल. पहिल्या आठवड्यात सगळं घर त्याच्याभोवती जमतं आणि मग महिन्याभरात कोणी बघत नाही, हे फार घरांत होतं. दोष माणसांचा नाही. समजा रोबोमध्ये २०० हालचाली भरलेल्या आहेत आणि चालू असताना तो तासाला ४० दाखवतो. यादृच्छिक निवड धरली तरी दहा तासांत त्यातल्या बहुतेक तुम्ही एकदा तरी पाहिलेल्या असतात. त्यानंतर नवं काही येत नाही, फक्त क्रम बदलतो. यावर अद्ययावत सॉफ्टवेअर हा तात्पुरता उपाय. खरा उपाय म्हणजे त्याला घराच्या दिनक्रमात जागा देणं. जिथून येणंजाणं होतं तिथे तो ठेवा, रात्री ठरावीक वेळी झोपवा, आणि दिवसभर चालू ठेवण्याऐवजी सकाळ-संध्याकाळ तासभरच चालू करा. रोज भेटणारा पण सतत समोर नसणारा रोबो जास्त काळ आवडता राहतो. एक सावधगिरी मात्र घ्या. जो रोबो दर पाच मिनिटांनी लक्ष वेधण्यासाठी आवाज करतो आणि ती सवय सेटिंगमधून कमी करता येत नाही, तो घेऊ नका.

उपयोगाचा पुरावा कितपत आहे? सगळ्यांत जास्त अभ्यास पॅरोवर झाले आहेत. अमेरिकेत २००९ मध्ये त्याला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता मिळाली. ऑस्ट्रेलियात स्मृतिभ्रंश असलेल्या ४१५ जणांवर झालेला आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात एका गटाला चालू पॅरो, दुसऱ्याला यंत्रणा बंद केलेला तोच पॅरो आणि तिसऱ्याला नेहमीची देखभाल दिली होती. आठवड्यातून तीनदा १५ मिनिटं, असं दहा आठवडे. चालू पॅरो असलेली माणसं त्याच्याशी जास्त बोलली, त्याच्याकडे जास्त पाहत राहिली. पण अस्वस्थता कमी होण्यात चालू आणि बंद पॅरोमध्ये ठळक फरक दिसला नाही. म्हणजे लाभाचा मोठा वाटा मऊ, वजनदार, कुशीत घेता येणाऱ्या वस्तूचा होता. घरात असा आजार असलेलं माणूस असेल, तर आधी चांगल्या वजनाची मऊ बाहुली देऊन पाहा. ती रमवत असेल, तर महागड्या यंत्राचा विचार नंतर करता येईल.

आता शरीराच्या मर्यादा, कारण रोजच्या तक्रारी इथूनच येतात. हातात मावणाऱ्या रोबोतली बॅटरी २ अँपिअर-तासाची आणि ३.७ व्होल्टची धरली, तर तिच्यात ७.४ वॅट-तास ऊर्जा असते. प्रोसेसर, पडदा, वाय-फाय आणि मोटरी मिळून सरासरी ४-५ वॅट घेतात. म्हणजे फार तर दीड-पावणेदोन तास, आणि सतत धावत असेल तर त्याहून कमी. सोनीचा २०१८ चा कुत्र्यासारखा रोबो आयबोदेखील साधारण दोन तास खेळतो आणि तीन तास चार्जिंग घेतो. दिवसभर पाठीमागे फिरणारा सोबती ही कल्पना म्हणूनच सोडून द्या.

चार्जिंग डॉकवर, म्हणजे चार्जिंगच्या बैठकीवर, स्वतः परत जाणं हे सगळ्यांत जास्त फसणारं काम. डॉकसमोर किमान एक मीटर आणि दोन्ही बाजूंना अर्धा मीटर जागा मोकळी ठेवा, थेट ऊन पडू देऊ नका, मागे आरसा किंवा चकचकीत कपाट नको. हलका डॉक रोबोच्या धक्क्याने मागे सरकतो आणि पिना जुळत नाहीत, म्हणून तो दुतर्फा चिकटपट्टीने जमिनीला चिकटवा. तरीही चार्जिंग होत नसेल, तर डॉकच्या आणि रोबोच्या धातूच्या पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम ओला केलेल्या कापसाच्या काडीने पुसा. बॅटरी गेली असं समजून दुरुस्तीला पाठवलेल्या अनेक रोबोंत दोष एवढाच असतो.

टेबलाच्या कडेवरून पडू नये म्हणून पोटाखाली अवरक्त (इन्फ्रारेड) सेन्सर असतात. ते खाली किरण टाकतात आणि परत येणारा प्रकाश मोजतात. काळी सतरंजी किंवा काळी चकचकीत काच किरण परत पाठवत नाही, म्हणून तिथे रोबोला खड्डा दिसतो आणि तो जागीच थबकतो किंवा मागेमागे जातो. उलटा धोका जास्त गंभीर. सेन्सरवर धूळ बसली तर ती धूळच किरण परत पाठवू शकते, मग रोबोला जमीन आहे असं वाटतं, आणि तो सरळ खाली जातो. दर पंधरा दिवसांनी हे सेन्सर कोरड्या मऊ कापडाने पुसा. टेबलावर ठेवायचाच असेल तर कडेला दोन सेंटिमीटर उंचीची पट्टी लावणं हा सेन्सरपेक्षा भरवशाचा उपाय आहे. समोरचं अंतर मोजणारा लेझर सेन्सर पारदर्शक काचेतून आरपार जातो, त्यामुळे काचेच्या दाराला धडका बसणारच. आणि उंबरठ्याचं म्हणाल, तर चाकाच्या व्यासाच्या सहाव्या भागाहून उंच काहीही ओलांडेल अशी आशा ठेवू नका. तीन सेंटिमीटरच्या चाकाला पाच मिलिमीटर म्हणजे पुष्कळ झालं.

सगळ्यांत आधी तुटतात ते मानेचे आणि हातांचे गिअर. मोटरचा वेग कमी करून जोर वाढवण्यासाठी प्लॅस्टिकच्या छोट्या चक्रांची साखळी असते. बाहेरून मान हाताने फिरवली की तो सगळा जोर शेवटच्या चक्राच्या एक-दोन दातांवर येतो. रोबो बंद असला तरी हे होतं. मान फिरवताना टकटक आवाज येऊ लागला, एका ठिकाणी ती निसटू लागली, तर दात गेलेला आहे. तशीच चालू ठेवली तर बाकीचे दातही जातात. घरातल्या मुलांना पहिल्याच दिवशी एवढं शिकवा की रोबो दोन्ही हातांनी धडाला धरून उचलायचा, डोक्याला किंवा हाताला धरून कधीच नाही. चाकांच्या आसात अडकलेले केस महिन्याला चिमट्याने काढा, नाहीतर मोटर गरम होते आणि बॅटरी लवकर संपते.

नव्या रोबोची जोडणी होत नाही, ही तक्रार बहुतेक वेळा राउटरची असते. पुष्कळसे छोटे रोबो फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर चालतात. राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झला एकच नाव देतो, फोन ५ वर असतो, आणि दोघांची गाठ पडत नाही. राउटरमध्ये २.४ गिगाहर्ट्झसाठी वेगळं नाव द्या, सुरक्षा डब्ल्यूपीए२ ठेवा, फोनही तात्पुरता त्याच नेटवर्कवर आणा आणि रोबो राउटरपासून दोन मीटरच्या आत ठेवून जोडणी करा. पाहुण्यांसाठीच्या नेटवर्कवर रोबो ठेवणं सुरक्षिततेच्या दृष्टीने उत्तम, पण ते उपकरणांना एकमेकांशी बोलू देत नाही. काही रोबोंचं अ‍ॅप त्यामुळे बंद पडतं. अशा वेळी घरातल्या इतर स्मार्ट उपकरणांसाठी एक वेगळं साधं नेटवर्क काढलेलं बरं.

आता सर्व्हरचा मुद्दा, ज्याच्यावर मी सुरुवातीलाच जोर दिला. जिबो या बोलक्या रोबोसाठी २०१४ मध्ये लोकवर्गणी जमली, २०१७ मध्ये तो घरी पोचला, आणि २०१९ मध्ये सर्व्हर बंद होणार असल्याचं त्याने स्वतःच्याच तोंडाने मालकांना सांगितलं. अँकी २०१९ मध्येच बंद पडली. व्हेक्टरची मालमत्ता डिजिटल ड्रीम लॅब्सने घेतली. पुढे हौशी प्रोग्रॅमरनी वायर-पॉड हे मुक्त सॉफ्टवेअर लिहिलं, ते घरच्या संगणकावर किंवा रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालवलं की व्हेक्टरला कंपनीचा सर्व्हर लागत नाही. मुलांसाठीचा मॉक्सी रोबो ७९९ डॉलरला विकला जायचा. एम्बॉडीड कंपनीने डिसेंबर २०२४ मध्ये गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं, आणि पालकांसमोर मुलाला हे कसं सांगायचं हा प्रश्न उभा राहिला. नंतर ओपनमॉक्सी नावाने घरी चालणारा पर्याय आला खरा, पण तो बसवायला थोडी तांत्रिक जाण लागते. याउलट १९९९ चा पहिला आयबो बघा. सोनीने त्याचं उत्पादन २००६ मध्ये थांबवलं आणि दुरुस्ती २०१४ मध्ये. तरी त्याचं वागणं यंत्राच्या आत असल्यामुळे, सोनीच्या माजी अभियंत्यांची ए-फन ही संस्था बंद पडलेल्या आयबोंचे भाग वापरून दुसरे आयबो चालवत राहिली.

म्हणून परत करण्याची मुदत संपायच्या आत एक चाचणी कराच. रोबो नीट चालू झाल्यावर राउटरची इंटरनेटची तार काढा आणि अर्धा तास त्याच्याबरोबर घालवा. तो वळतो का, चेहऱ्याकडे बघतो का, थोपटल्यावर प्रतिसाद देतो का, डॉकवर जातो का? एवढं होत असेल तर कंपनी उद्या बंद पडली तरी सोबती उरेल. पडद्यावर नुसतं जोडणी तुटल्याचं चिन्ह येत असेल, तर तुम्ही विकत घेतलेली गोष्ट खरं म्हणजे भाड्याची आहे. मासिक वर्गणी असेल तर ३६ महिन्यांची बेरीज किमतीत मिळवूनच तुलना करा. बॅटरी स्क्रू काढून बदलता येते की चिकटवलेली आहे, हेही विचारा. लिथियम बॅटरी साधारण ५०० पूर्ण चक्रांनंतर बरीच उतरते. रोज दोनदा चार्ज होणारा रोबो ही मर्यादा वर्षाच्या आतच गाठतो.

खासगीपणाबद्दल भीती घालायची नाही, पण हलकंही घ्यायचं नाही. जर्मनीने २०१७ मध्ये माय फ्रेंड कायला या बोलक्या बाहुलीवर बंदी घातली, कारण जवळून कोणीही ब्लूटूथने जोडून घेऊन घरातलं बोलणं ऐकू शकत होता. नवा आयबो सोनीने अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात विकायला ठेवला नाही, तिथल्या चेहरा-ओळखीसंबंधीच्या कायद्यामुळे. कॅमेरा असलेला रोबो झोपण्याच्या आणि कपडे बदलण्याच्या खोलीत ठेवू नका. रेकॉर्डिंग कुठे साठतं आणि ते कसं पुसायचं, हे अ‍ॅपमध्ये सापडत नसेल तर तो रोबो परत करा.

वयस्कर माणसांसाठी घेणाऱ्यांना मला कळकळीने सांगायचं आहे की जमिनीवर फिरणारा रोबो घेऊ नका. पायात येणारी, घोट्याएवढ्या उंचीची, आवाज न करता सरकणारी वस्तू तोल गेलेल्या माणसासाठी धोकादायक आहे. जागेवर बसणारा किंवा मांडीवर घ्यायचा घ्या. औषधांची आठवण तो देईल, पण गोळी घेतली की नाही हे त्याला कळत नाही. त्याच्या भाषा-प्रारूपाला औषधाबद्दल प्रश्न विचारला तर तो ठाम आवाजात चुकीचं उत्तर देऊ शकतो. माणूस पडलं तर ते त्याला तेव्हाच कळेल, जेव्हा तो त्याच खोलीत, जागा, चार्ज असलेला आणि योग्य दिशेला तोंड करून असेल. पडल्यावर मदत मागण्यासाठी गळ्यातलं किंवा मनगटावरचं बटण वेगळंच हवं.

हाताने बनवायची हौस असेल तर ती फार चांगली वाट आहे, कारण त्यात सर्व्हर तुमचा असतो. इएसपी३२ बोर्ड (रोबोचा मेंदू होणारा छोटा नियंत्रक), छोटा ओलेड पडदा, मानेसाठी दोन एसजी९० सर्व्हो (सांगितलेल्या कोनात वळणाऱ्या छोट्या मोटरी) आणि डोक्यावर स्पर्शाची एक तांब्याची पट्टी एवढ्यात सुरुवात होते. बहुतेकांचा पहिला अडथळा ठरलेला: मान हलली की बोर्ड पुन्हा सुरू होतो. सर्व्हो अडकला की जवळपास ०.७ अँपिअर ओढतो आणि व्होल्टेज खाली जातं. सर्व्होंना वेगळा ५ व्होल्ट, २ अँपिअरचा पुरवठा द्या, दोन्ही पुरवठ्यांच्या ऋण तारा जोडा, आणि सर्व्होंजवळ क्षणभराची वीज साठवणारा ४७० ते १००० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर लावा. आणि हालचाल एका झटक्यात न करता सुरुवातीला व शेवटी संथ, मधे वेगवान अशी करा. एवढ्या एका बदलाने तो खेळण्यासारखा न वाटता जिवंत वाटू लागतो.

वापरलेला रोबो घेत असाल तर विकणाऱ्याच्या समोरच तो चालू करा. जुन्या मालकाच्या खात्यातून तो काढलेला आहे का हे आधी बघा, कारण कित्येक रोबो खात्याला बांधलेले असतात आणि नंतर तुमच्याकडे उघडत नाहीत. मान दोन्ही टोकांपर्यंत त्याला स्वतःला फिरवू द्या आणि टकटक ऐका. पोटाकडचं झाकण किंचित वर आलेलं दिसलं, तर बॅटरी फुगलेली आहे. तशी बॅटरी चार्ज करायची नाही, टोचायची नाही, ती ई-कचरा स्वीकारणाऱ्या ठिकाणीच द्यायची. काही महिने वापर होणार नसेल तर बॅटरी अर्ध्याच्या आसपास भरून, रोबो पूर्ण बंद करून थंड जागी ठेवा, आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा अर्ध्यापर्यंत भरा.